रायगड किनाऱ्यावरील जुन्या घरांतील न्हाणीघरांचे नूतनीकरण

न्हाणीघर म्हणजे घरातील स्नानाची जागा. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन या तालुक्यांतील जुन्या घरांत ही जागा बहुधा मागील पडवीत किंवा परसात, मूळ घरापासून थोडी वेगळी असे. ती आकाराने लहान, एका माणसाला पाटावर बसून अंघोळ करता येईल एवढीच असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा न्हाणीघरांत नळ, टाइल, विजेचा गिझर आणि शौचकूप बसवून त्यांचे आधुनिक स्नानगृहात रूपांतर होऊ लागले. कित्येक घरांत परसातील न्हाणी मोडून घराच्या आतच नवी खोली काढण्यात आली.

वरवर पाहता हे काम टाइल आणि नळ बदलण्याचे दिसते. प्रत्यक्षात ते पाण्याची वाट बदलण्याचे काम असते. जांभा, माती, चुना आणि लाकूड यांनी बांधलेल्या घरात पाणी भिंतीपासून दूर ठेवलेले होते. नूतनीकरणात तेच पाणी भिंतीला लागून वाहू लागते. त्याचा निचरा नीट झाला नाही तर भिंतींना ओल येते, लाकडाला वाळवी लागते आणि शौचकुपाचे सांडपाणी परसातील विहिरीपर्यंत पोहोचण्याचा धोका निर्माण होतो.

नाव

‘न्हाणी’ आणि ‘न्हाणीघर’ हे शब्द संस्कृत ‘स्नान’, प्राकृत ‘ण्हाण’ या परंपरेतून आले आहेत. रोजच्या व्यवहारात ‘अंघोळ’ हा शब्द रूढ असला तरी डोक्यावरून केलेल्या स्नानाला ‘न्हाणे’ म्हणतात. ‘मोरी’ हा शब्द मुख्यतः भांडी घासण्याच्या, हातपाय धुण्याच्या आणि सांडपाणी वाहून जाण्याच्या जागेसाठी वापरला जातो. लहान घरांत मोरी आणि न्हाणी एकच असे. भारतातील नळकामाच्या व्यवसायात फरशीतील जाळीखाली बसवल्या जाणाऱ्या सापळ्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. या संज्ञेचे नातेही याच शब्दाशी आहे.

पारंपरिक रचना

अलिबागजवळील आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा तसेच दक्षिणेकडील दिवेआगर, श्रीवर्धन या गावांत रस्त्याला लागून घर आणि मागे नारळी-पोफळीची वाडी अशी मांडणी आढळते. पुढून ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी असा घराचा क्रम असतो. त्यापलीकडे विहीर, दोणी आणि न्हाणी. विहिरीचे पाणी रहाटाने किंवा पोहऱ्याने काढून दोणीत साठवले जाई.

न्हाणीच्या एका कोपऱ्यात चुलाण असे आणि त्यावर पाणी तापवण्याचा तांब्याचा हंडा बसवलेला असे. नारळाच्या झावळ्या, सोडणे आणि करवंट्या हे त्याचे इंधन. पुढे अनेक घरांत तांब्या-पितळेचा बंब आला. तापलेले पाणी घंगाळात विसावून तांब्याने अंगावर घेतले जाई. बसण्यासाठी पाट किंवा सपाट दगड असे. जमीन दगडी किंवा चुन्याच्या कोब्याची असे. नंतरच्या काळात शहाबादी फरशी आणि कडप्पा वापरात आले. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी न्हाणी सारवून, बंब घासूनपुसून तयार ठेवण्याची प्रथा होती.

सांडपाणी उघड्या पन्हळीतून वाडीत सोडले जाई. त्या पाण्यावर केळी, अळू आणि कर्दळ लावलेली असे. त्या काळी पाण्याचा वापर मोजका होता आणि मळ प्रामुख्याने माती, तेल व शिकेकाई यांचाच असे. न्हाणीला छप्पर असले तरी भिंती आणि वासे यांच्यामध्ये मोकळी फट राही. त्यामुळे धूर आणि वाफ बाहेर पडून जागा लवकर सुकत असे.

शौचाची जागा न्हाणीपासून वेगळी आणि बहुधा वाडीच्या टोकाला असे. टोपलीच्या संडासांत साठलेला मैला विशिष्ट जातींच्या माणसांना हाताने उचलावा लागे. स्नान आणि शौच यांच्या जागा वेगळ्या ठेवण्यामागे स्वच्छतेबरोबर सोवळ्याओवळ्याच्या कल्पनाही होत्या.

बदलाचा इतिहास

किनाऱ्यावर बांधीव स्नानगृहे पूर्वीपासून होती. प्राचीन बंदर असलेल्या चौल येथे हमामखान्याचे अवशेष आहेत. मात्र अशा वास्तू सत्ताधाऱ्यांच्या आणि संपन्न नगरांच्या होत्या. गावातील घरांत न्हाणीची परसातील जागा दीर्घकाळ कायम राहिली.

संडासाच्या प्रश्नाकडे कोकणात प्रथम गांभीर्याने पाहणाऱ्यांत अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांचे नाव महत्त्वाचे आहे. कणकवली येथील गोपुरी आश्रमातून त्यांनी मैला हाताने उचलावा लागू नये आणि त्याचे खत व्हावे यासाठी काम केले. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने कोरडे संडास बांधण्यास मनाई झाली आणि २०१३ च्या कायद्याने ती अधिक कडक करण्यात आली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण भागासाठी दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाचा प्रसार झाला.

नळपाणी योजना आणि विजेचे पंप आल्यावर पाणी घरात आले, तसे न्हाणीघरही घरात आले. वृद्धांना रात्री किंवा पावसात परसात जावे लागू नये, स्त्रियांना आडोसा मिळावा, ही त्याची प्रमुख कारणे होत. मुंबईत राहणारी कुटुंबे गणपतीत आणि मे महिन्यात गावी येतात. त्यांच्या सोयीसाठीही जुन्या घरांत बदल झाले. पर्यटन वाढल्यावर नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर येथील अनेक घरांत पाहुण्यांच्या खोल्यांना जोडून स्नानगृहे काढण्यात आली.

३ जून २०२० रोजी निसर्ग हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि अलिबाग तालुक्यांत घरांची छपरे उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मोडलेली घरे उभी करताना परसातील न्हाणीकडेही नव्याने पाहिले गेले.

भिंती आणि ओल

दक्षिण रायगडमधील जुन्या घरांच्या भिंती मुख्यतः जांभ्याच्या चिऱ्यांच्या असतात. अलिबागच्या बाजूस काळा दगड आणि विटाही आढळतात. सांध्यांत माती किंवा चुना असतो. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो आणि हवेत घट्ट होतो. तो पाणी शोषून घेतो, पण चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेरही पडते.

अशा भिंतीवर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा घट्ट गिलावा किंवा टाइल बसवल्यास आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती वर चढते आणि टाइल संपतात तेथे फुगवटे किंवा पापुद्रे दिसू लागतात. पाण्यातील क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरे होतात, यालाच लोणा लागणे म्हणतात. समुद्रकिनारी हवेत आणि पाण्यात क्षारांचे प्रमाण अधिक असल्याने लोण्याचा त्रासही अधिक असतो. वरून रंग दिल्याने तो थांबत नाही. म्हणून न्हाणीच्या आतील बाजूस टाइल बसवल्या तरी त्याच भिंतीची बाहेरील बाजू चुन्याच्या गिलाव्याची किंवा उघड्या चिऱ्याची ठेवणे हितावह ठरते.

मातीच्या सांध्यांच्या भिंतीत नळासाठी खोल खाचा पाडल्यास भिंत कमकुवत होते. त्यामुळे जुन्या घरांत नळ्या भिंतीच्या बाहेरून, पट्ट्यांनी बांधून नेणे अधिक सुरक्षित असते. यामुळे गळतीही लगेच दिसते. जुन्या भिंतीला लागून आतून विटांची पातळ भिंत उभारून तीवर टाइल बसवणे हा आणखी एक मार्ग आहे. त्यात प्रत्येक बाजूने सुमारे दहा सेंटिमीटर जागा कमी होते, हा लहान न्हाणीघरात मोठा तोटा ठरतो.

लाकडी माळ्यावर न्हाणीघर काढणे धोक्याचे असते. कोबा, टाइल आणि साठवलेल्या पाण्याचे वजन तुळयांना पेलत नाही. गळती झाल्यास तुळईची भिंतीत रुतलेली टोके कुजतात आणि ती बाहेरून दिसतही नाहीत. जमिनीलगतच्या न्हाणीघरातही लाकडी चौकटीचा तळ प्रथम सडतो. त्यामुळे तेथे दगडी चौकट वापरली जाते.

निचरा आणि जलरोधन

जुनी फरशी उखडल्यावर तळाशी मातीचा भराव आढळतो. तो ओला असल्यास पूर्ण काढून खडी आणि काँक्रीटचा थर द्यावा लागतो. त्यानंतरचा क्रम साधारणपणे असा असतो : सांडपाण्याच्या नळ्या आणि सापळे बसवणे, त्यांभोवतीच्या फटी भरणे, उतार काढणे, जलरोधक थर देणे, पाणी साठवून चाचणी घेणे आणि शेवटी टाइल बसवणे.

जमिनीला दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार दिला जातो. उतार जाळीकडे असावा आणि दारापासून दूर जावा. न्हाणीघराची जमीन शेजारच्या खोलीपेक्षा थोडी खाली असते, त्यामुळे पाणी आत येत नाही. सापळ्यात किमान ५० मिलिमीटर पाणी सतत उभे राहावे लागते. हे पाणी नळीतील दुर्गंधी आणि किडे अडवते. वर्षातील काही महिने बंद राहणाऱ्या घरांत ते सुकून जाते आणि घर उघडताच वास येतो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतल्यास हा त्रास थांबतो.

जलरोधनाची जुनी भारतीय पद्धत विटांच्या तुकड्यांच्या कोब्याची आहे. अलीकडे पॉलिमरमिश्रित सिमेंटचे दोन थर दिले जातात. ते केवळ जमिनीवर देऊन भागत नाही. सर्व भिंतींवर सुमारे ३० सेंटिमीटर आणि अंगावर पाणी घेण्याच्या जागी सुमारे १८० सेंटिमीटर उंचीपर्यंत ते चढवावे लागतात. त्यानंतर जाळी बंद करून २४ ते ४८ तास पाणी साठवले जाते. पातळी उतरली नाही तरच टाइल बसवल्या जातात. घाईच्या कामात वगळली जाते ती नेमकी ही चाचणी, आणि टाइल बसल्यावर गळती शोधण्यासाठी संपूर्ण जमीन उखडावी लागते.

साहित्याची निवड

खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या लोखंडी नळ्या आतून गंजून अरुंद होतात आणि पाण्याचा जोर कमी होतो. त्यांच्याऐवजी थंड पाण्यासाठी पीव्हीसी किंवा यूपीव्हीसी आणि गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी नळ्या वापरल्या जातात. पोलादी कड्या, खिळे आणि स्क्रू यांच्यासाठी मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीपेक्षा क्षारांना अधिक तोंड देते.

खाडीची न धुतलेली वाळू सळईच्या काँक्रीटमध्ये वापरल्यास क्षारांमुळे सळया गंजतात आणि काँक्रीट फुटते. जमिनीसाठी गुळगुळीत टाइलपेक्षा खरखरीत टाइल सुरक्षित असतात. जुन्या न्हाणीवर अॅस्बेस्टॉसमिश्रित सिमेंटचे पत्रे असल्यास ते कापणे किंवा फोडणे टाळावे लागते, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. असे पत्रे भिजवून अखंड उतरवले जातात.

जागेची आखणी

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वतंत्र स्नानगृहाचे क्षेत्रफळ किमान १.८ चौरस मीटर, स्वतंत्र शौचालयाचे १.१ चौरस मीटर आणि दोन्ही एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर असावे. स्नानगृहाची रुंदी किमान १.२ मीटर ठेवली जाते. अनेक जुन्या न्हाण्या या मापात बसत नाहीत. त्यांत शौचकूप घालण्यासाठी शेजारच्या पडवीचा भाग घ्यावा लागतो किंवा दोन्ही जागा वेगळ्या ठेवाव्या लागतात. वेगळ्या जागांमुळे एकत्र कुटुंबात सकाळची अडचण कमी होते.

लहान न्हाणीघरात दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार अडते आणि मदत पोहोचत नाही. वृद्धांसाठी शौचकुपाजवळ धरायची दांडी बसवली जाते. मात्र जांभ्यात साधा खिळा किंवा स्क्रू वजन धरत नाही. तो सहज सुटून येतो आणि आधार म्हणून बसवलेली दांडीच अपघाताचे कारण होते. तेथे लांब बोल्ट रासायनिक चिकटद्रव्याने बसवावे लागतात किंवा दांडीसाठी काँक्रीटचा भाग आधीच तयार ठेवावा लागतो.

पाणी तापवणे आणि सुरक्षितता

चुलाणाच्या जागी विजेचा किंवा गॅसचा गिझर आल्यावर धोक्याचे स्वरूप बदलले. जुन्या घरांतील विजेच्या जोडणीत अनेकदा योग्य अर्थिंग नसते. ओल्या भिंती आणि उघडे पाय यांमुळे विजेचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. यासाठी अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअर क्षमतेचे आरसीसीबी बसवले जाते. या उपकरणामुळे गळणारा प्रवाह क्षणार्धात खंडित होतो. बादलीत सोडण्याच्या विजेच्या सळईने होणारे अपघातही याने कमी होतात.

गॅसचा गिझर बंद आणि लहान न्हाणीघरात बसवणे अत्यंत धोक्याचे आहे. ज्वलनास हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. अंघोळ करणारी व्यक्ती काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकते. असा गिझर स्नानगृहाच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा लागतो. परसातील न्हाणीत चुलाण पेटलेले असताना वाशांखालची फट धूर बाहेर नेत असे. नूतनीकरणात तीच फट थंडी आणि पाली येऊ नयेत म्हणून बंद केली जाते. संहितेनुसार स्नानगृहाला किमान ०.३७ चौरस मीटरची खिडकी किंवा झरोका आवश्यक असतो. पावसाळ्यात बुरशी रोखण्यासाठीही तो उपयोगी पडतो.

सांडपाणी आणि विहीर

नूतनीकरणाचा सर्वांत दूरगामी परिणाम परसात होतो. वाडीची जागा अरुंद असल्याने घर, विहीर, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा जवळजवळ येतात. भारतीय मानकानुसार सेप्टिक टाकीचे पाणी जमिनीत मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावी. किनाऱ्यावरील वालुकामय जमिनीत पाणी वेगाने झिरपते आणि पावसाळ्यात भूजल जमिनीच्या अगदी जवळ येते. अशा ठिकाणी अधिक अंतर आणि उथळ खड्डा आवश्यक ठरतो. धोका केवळ आपल्याच विहिरीला नसतो. शेजाऱ्याची विहीर आपल्या शोषखड्ड्यापासून किती दूर आहे, हेही मोजावे लागते.

स्नानाचे आणि शौचकुपाचे सांडपाणी वेगळे ठेवल्यास शोषखड्ड्यावरील भार कमी होतो. स्नानाचे पाणी गाळणीच्या खड्ड्यातून पूर्वीप्रमाणे केळी-अळूला देता येते. मात्र साबण आणि डिटर्जंटचे प्रमाण आता वाढले असल्याने ते एकाच जागी न सोडता आलटूनपालटून सोडावे लागते. स्नानासाठी पाण्याचा वापर वाढला की विहिरीवरील उपसाही वाढतो. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून उन्हाळ्यात अति उपसा झाल्यास समुद्राचे खारे पाणी त्यांत शिरते.

नियम आणि कामाचा हंगाम

समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामांना किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. त्यांची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास क्षेत्रात अस्तित्वातील अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, परंतु जोत्याचे क्षेत्र वाढवता येत नाही. त्यामुळे जुन्या जागेतच न्हाणीघर सुधारणे आणि घराबाहेर नवी खोली वाढवणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो.

रायगड किनाऱ्यावर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नोव्हेंबर ते मे हा बांधकामाचा काळ समजला जातो. तरीही गणपतीपूर्वी काम उरकण्यासाठी ते जुलै-ऑगस्टमध्ये रेटले जाते. ओल्या भिंतीवर दिलेला गिलावा आणि जलरोधक थर नीट धरत नाहीत आणि पुढील पावसाळ्यात त्याच जागी ओल दिसते.

जुन्या वस्तूंचे जतन

नूतनीकरणात निघालेली शहाबादी फरशी अंगणात किंवा पायवाटेला वापरली जाते. दगडी दोणी पाणी साठवण्यासाठी किंवा झाडांसाठी ठेवली जाते. तांब्याचे हंडे आणि बंब मात्र बहुधा मोडीत जातात. काही कुटुंबांनी घरात नवे स्नानगृह काढूनही परसातील न्हाणी आणि चुलाण कायम ठेवले आहे. वीज गेल्यावर, घरात पाहुण्यांची गर्दी असताना आणि दिवाळीच्या पहाटे ती वापरली जाते. चक्रीवादळानंतर वीज बंद पडली असताना अशा घरांना गरम पाण्यासाठी चुलाणाचा आणि पाणी काढण्यासाठी विहिरीवरील रहाटाचा आधार होता.

हेही पाहा

जांभा
चुना
कोकणातील घरे
सेप्टिक टाकी
निसर्ग चक्रीवादळ
रायगड जिल्हा